रूळ आधी की रस्ता? कोकणच्या वाहतुकीचा लांबलेला वाद

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला एकच प्रश्न विचारला जातो आहे : तुम्ही रेल्वेच्या बाजूचे की महामार्गाच्या? कोकणातला माणूस हा प्रश्न अगदी सहज विचारतो, कारण गेली शंभर वर्षे त्याच्यापुढे हा प्रश्न याच स्वरूपात ठेवला गेला आहे. एक तर रूळ घ्या, नाहीतर रस्ता. दोन्ही मागितलेत तर रांगेत उभे राहा. म्हणून आज आपण कोणाची बाजू घेण्याआधी हा वाद मुळात तयार कसा झाला, ते पाहू. वाहतुकीच्या नियोजनात प्राधान्य कोण ठरवतं, कशावर ठरवतं, आणि ठरवताना कोणाला मोजतं, हे इतिहासातून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या तारखेपासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने दोन दिशा धरल्या, एक थळ घाटातून वर नाशिक-खानदेशाकडे आणि दुसरी बोरघाटातून पुण्याकडे. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाला. विचार करा, सह्याद्रीची भिंत फोडणं हे त्या काळातलं सगळ्यात खर्चिक आणि जीवघेणं काम. हजारो मजूर त्यात दगावले. मग सपाटीचा नसला तरी सोपा पडेल असा किनारा सोडून कंपनी डोंगर का चढली? उत्तर एका शब्दात आहे : कापूस. वऱ्हाड-खानदेशचा आणि दख्खनचा कापूस मुंबई बंदरात उतरवायचा होता. शिवाय भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली. म्हणजे रेल्वेचा मार्ग माणसं कुठे राहतात यावर ठरला नाही, माल कुठून उचलायचा यावर ठरला. 

कोकणात उचलायला काय होतं? नारळ, सुपारी, मासळी, थोडा भात, आंबा. आणि माणसं. माणूस हा कोकणचा सर्वांत मोठा निर्यात माल होता, हे वाक्य कडू आहे पण खोटं नाही. गिरणीत, गोदीत, पलटणीत, पोलिसात, घरकामात मुंबईला माणूस कोकणानेच पुरवला. तो जात होता समुद्राने. शेफर्ड कंपनीच्या बोटी आपल्या आजोबांच्या तोंडी होत्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असं उतरत जायचं. बोट बंदराला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं किनाऱ्याला यायचं. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे वर्षातले तीन महिने कोकण मुंबईपासून तुटलेलं.

आणि जी चालू असे ती तरी सुरक्षित होती का? १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना राहिला असताना, 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येचा दिवस, भर पावसाळा, बोट खच्चून भरलेली. आम्ही ही घटना मुद्दाम सांगतो आहोत, कारण वाहतुकीची आकडेमोड करताना 'प्रवासी आहेतच कुठे?' असं विचारलं जायचं, तेव्हा हे प्रवासी होते. फक्त ते रेल्वेच्या वहीत नव्हते, कारण त्यांच्याकडे रेल्वे नव्हती.

आता थोडं कोकणाबाहेर जाऊ, कारण नियोजनाचे नियम तिथे ठरले. पहिल्या महायुद्धानंतर दोन गोष्टी घडल्या. एक, अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीवरून १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा झाला. रेल्वेने आपलं कमवावं, आपलं खर्चावं. दोन, मोटारी वाढल्या आणि रस्त्यांची दुर्दशा उघडी पडली. १९२७ मध्ये केंद्रीय पातळीवर रस्ते विकास समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जयकर समितीने १९२८ मध्ये सांगितलं की रस्ता ही आता निव्वळ स्थानिक बाब राहिलेली नाही, देशाने त्यासाठी पैसा उभारला पाहिजे. पेट्रोलवर जादा कर बसवावा, तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आज आपण पेट्रोल पंपावर जो रस्त्याचा अधिभार भरतो, त्याचं मूळ तिथे आहे.

बघा, काय झालं ते. रेल्वेची एक तिजोरी झाली आणि रस्त्यांची दुसरी तिजोरी झाली. दोन्ही तिजोऱ्यांच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे. आणि लगेच भांडण जुंपलं. मंदीच्या वर्षांत रेल्वेचं उत्पन्न घटलं, तेव्हा रेल्वेवाले म्हणाले की समांतर रस्त्यांवरच्या मोटारी आमची गिऱ्हाइकं पळवतात. मग मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांकडून रस्ता-रेल्वे स्पर्धेची पाहणी झाली, १९३३ मध्ये सिमल्याला परिषद भरली. सगळ्यांनी 'समन्वय' हा शब्द उच्चारला. प्रत्यक्षात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि परमिटांच्या मार्गाने मोटार वाहतुकीला वेसण घातली गेली. समन्वय म्हणजे एकाने दुसऱ्याला अडवणं, हा अर्थ तेव्हापासून रूढ झाला असं आम्हांला वाटतं.

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि 'नागपूर योजना' तयार झाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते, ही आज आपण वापरतो ती उतरंड तिथली. या योजनेचं एक उद्दिष्ट फार मोलाचं होतं : शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये. 

आता हे दोन मापदंड शेजारी ठेवा. रस्त्याचा नियोजक विचारतो, गावापासून रस्ता किती मैल? रेल्वेचा नियोजक विचारतो, घातलेल्या रुपयावर परतावा किती टक्के? तेच गाव, तीच माणसं, पण मोजपट्टी वेगळी. पहिल्या मोजपट्टीने रत्नागिरी जिल्हा हक्कदार ठरतो. दुसरीने नापास होतो. आणि दोन्ही मोजपट्ट्या एकाच टेबलावर ठेवून 'या प्रदेशाला नेमकं काय द्यावं' असा प्रश्न विचारणारं कार्यालयच अस्तित्वात नव्हतं. आमच्या मते हा सगळ्या वादाचा गाभा आहे.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काळात तांबडी गाडी कोकणच्या वाड्यावाड्यांत पोचली. हे श्रेय रस्त्याला दिलंच पाहिजे. रेल्वेची वाट पाहत बसले असते तर पन्नास वर्षं गेली असती. कच्च्या रस्त्याने, नाल्यातून, लाल धुरळ्यातून एसटी गेली, टपाल घेऊन गेली, मास्तरांना आणि नर्सबाईंना घेऊन गेली. पनवेलहून महाड, खेड, चिपळूण, कणकवली, कुडाळ करत गोव्याकडे आणि पुढे थेट केरळपर्यंत जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ झाला. बोटीचा धंदा हळूहळू बसत गेला.

पण रेल्वेची मागणी थांबली नाही. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी ती आयुष्यभर लावून धरली. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी ती लोकसभेत नेली. १९७१ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रा. मधु दंडवते त्याच मतदारसंघातून निवडून आले आणि पुढची वीस वर्षं त्यांनी ती सोडली नाही. पाहण्या होत, अहवाल येत, आणि शेरा तोच : वाहतूक अपुरी, परतावा अपुरा.

इथे आपण विरोधकांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे, कारण ते काही कोकणचे वैरी नव्हते. ते म्हणत, देश गरीब आहे. बोगदे आणि पूल यांवर जो पैसा जाईल, त्यात दुष्काळी भागात कालवे होतील, शेकडो मैल रस्ते होतील. कोकणात कारखाने नाहीत, जड माल नाही, आणि रेल्वे मालावर जगते, प्रवाशांवर नव्हे. हा शेवटचा मुद्दा आजही खरा आहे. भारतीय रेल्वेचं प्रवासी भाडं मालवाहतुकीच्या कमाईवर सावरलं जातं. तेव्हा हिशेबाच्या चौकटीत त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चूक चौकटीत होती. वाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही, रेल्वे नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून वाहतूक नाही. बी आधी की झाड, यावर तीस वर्षं चर्चा. आणि दरम्यान लोक एसटीत उभे राहून बारा-चौदा तास प्रवास करताहेत. त्यांचा वेळ, त्यांचे आजार, बाळंतपणाला मुंबईहून पोचू न शकलेली मंडळी, हे परताव्याच्या कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

मग हे कोडं सुटलं कसं? प्रांजळपणे सांगायचं तर नियोजनाच्या पद्धतीने सुटलं नाही. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री होते. साध्या दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात, हे पुष्कळांना आठवत असेल. आपटा-रोहा मार्गाला त्यांनी चालना दिली, पण रोह्यापर्यंत रूळ पोचायला १९८६ उजाडलं. त्यानंतर १९८९ च्या अखेरीस केंद्रात सत्तांतर झालं आणि एक विलक्षण योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळ मंगळूरचे. अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे खासदार. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. ज्या तीन खुर्च्यांनी आजवर फाइल परत पाठवली होती, त्या तिन्ही खुर्च्यांवर किनारपट्टीशी नातं असलेली माणसं बसली.

पण योग जुळणं पुरेसं नव्हतं, तिजोरी तीच होती. म्हणून त्यांनी तिसरी तिजोरी तयार केली. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला पैसा करमुक्त रोख्यांतून, म्हणजे लोकांकडून आणि बँकांकडून उसना. ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली. सप्टेंबर १९९० मध्ये रोह्याला पायाभरणी झाली. २६ जानेवारी १९९८ पर्यंत रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला, आणि १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी रत्नागिरीत तो राष्ट्राला अर्पण केला. नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल. खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात. अभियांत्रिकीचं हे कौतुक आपण भरपूर ऐकलं आहे, त्यात आम्ही जास्त भर घालत नाही.

आम्हांला बोलायचं आहे ते त्यामागच्या समर्थनाबद्दल. प्रकल्प मंजूर करून घेताना कोणते आकडे पुढे केले गेले? मुंबई-मंगळूर अंतर सुमारे ११०० किलोमीटरने कमी होईल. मुंबई-कोची पाचशेच्या आसपास वाचतील. मुंबई-गोवा दोनशेच्या आसपास. हे आकडे खरे होते आणि प्रभावी होते. पण त्यात रत्नागिरी कुठे आहे? चिपळूण कुठे आहे? ज्या गावाला आधी रेल्वेच नव्हती त्याचं 'वाचलेलं अंतर' काढणार कसं? म्हणजे ज्यांनी पन्नास वर्षं मागणी केली ते हिशेबात आलेच नाहीत. जे पलीकडे जाणार होते त्यांच्या नावावर रेल्वे मंजूर झाली. कर्ज फेडायचं तर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या चालवायला हव्यात, हेही ओघाने आलंच.

गोव्यात याच मुद्द्यावर आंदोलन पेटलं होतं. मार्ग किनाऱ्याजवळून न्यायचा की आतून? खाजण जमिनींचं काय होईल, जुन्या गोव्याच्या वारसावास्तूंजवळून गाडी जावी का, असे प्रश्न लोकांनी विचारले. १९९३ मध्ये तिथलं काम काही काळ थांबलं, निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला. शेवटी थोड्या फेरफारांनी काम पुढे गेलं. त्या वेळी आंदोलकांना 'विकासविरोधी' म्हटलं गेलं. आज मागे वळून पाहताना वाटतं, मार्ग कोणाच्या दारातून जातो हा प्रश्न विचारणारे तेवढेच एक लोक होते.

आपल्याकडे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. महामार्ग या पट्टीच्या मधून जातो. रेल्वेही बहुतेक त्याच्याच शेजारून जाते. महाड-वीर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, कणकवली, कुडाळ. ज्या गावाला रस्ता होता त्यालाच रेल्वे मिळाली. दापोली, मंडणगड, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला, जिथे एके काळी बोट लागायची ती बंदरं दोन्हींपासून लांबच राहिली. सावंतवाडीच्या स्टेशनाचं नावच 'सावंतवाडी रोड' आहे. रेल्वेच्या भाषेत 'रोड' लावलं की समजायचं, गाव अजून लांब आहे, पुढे रिक्षा बघा.

कोकणच्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि खाड्या गावांना एकमेकांपासून तोडतात. त्यामुळे तिथे अडचण आडव्या वाटांची आहे : घाटाखालच्या वाडीतून तालुक्याला, तालुक्यातून बंदराला, खाडीच्या या तीरावरून त्या तीराला. रूळ की महामार्ग हा वाद मात्र कायम उभ्या रेषेचा. अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली, ती चांगली कल्पना होती. पण खाड्यांवरचे पूल वर्षानुवर्षं एकेक करत होत राहिले आणि चार दशकांनंतरही सलग मार्ग झालेला नाही.

रेल्वे आली आणि पुढे काय झालं? फायदे आम्ही नाकारत नाही. गणपतीला जादा गाड्या सुटतात तेव्हा स्टेशनावर जी गर्दी लोटते ती पाहिली की कळतं. रत्नागिरीचा विद्यार्थी सकाळी गाडीत बसून दुपारी मुंबईत परीक्षेला पोचतो. १९९९ पासून ट्रक थेट रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू झाली, रस्ता आणि रेल्वे एकत्र काम करू शकतात याचा देशातला हा पहिला चांगला नमुना कोकणातच झाला. 

पण मार्ग एकेरी. एकेरी मार्गावर कोणाला थांबवायचं, हे रोजचं प्राधान्य-नियोजनच आहे. लांब पल्ल्याची जलद गाडी पुढे, पॅसेंजर बाजूला. कोविडनंतर रत्नागिरी-दादर पॅसेंजर दिव्यापर्यंतच येऊ लागली, तेव्हा चाकरमान्यांना सामानसुमानासह दिव्याला गाडी बदलावी लागली. कागदावर हा बारीक बदल आहे. म्हाताऱ्या आईला घेऊन उतरणाऱ्याला तो बारीक वाटत नाही.

सुरक्षिततेचाही हिशेब मांडला पाहिजे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे विशेष गाडी घसरली, पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. वर्षही झालं नव्हतं आणि १६ जून २००४ रोजी आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला, कारण तेच, रुळावर आलेला दगड. दोन्ही अपघात जूनमधले. आठ वर्षांत मार्ग पूर्ण केला याचा गौरव झाला, पण सह्याद्रीच्या लाल मातीचे उतार कापल्यावर ते स्थिर व्हायला किती पावसाळे लागतात हा प्रश्न त्या घाईत मागे राहिला. नंतर उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात वेग कमी ठेवणारं वेगळं वेळापत्रक आलं. म्हणजे देखभाल हा नियोजनाचाच भाग आहे, हे शिकायला माणसं गमवावी लागली.

आणि रस्ता? इथे इतिहासाची एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. १९९८ नंतर देशात सुवर्ण चतुष्कोण आखला गेला. मुंबई-चेन्नईची बाजू कुठून गेली? पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर. म्हणजे पुन्हा बोरघाट चढून दख्खनवर. १८६३ मध्ये जो निर्णय झाला तोच एकशे पस्तीस वर्षांनी वेगळ्या यंत्रणेने पुन्हा घेतला. त्याच सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, त्यासाठीही १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ ही वेगळी तिजोरी उघडली गेली, आणि २००२ पर्यंत तो पूर्ण झाला. कोकणाला मात्र नुकतीच रेल्वे मिळाली होती. एकदा वाढून झालं की पुन्हा ताट घेऊन उभं राहता येत नाही.

महामार्ग १७, जो आता ६६ म्हणवतो, दुपदरीच राहिला. २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं आणि ते इतकं रखडलं की लहान मुलं वयात आली. मुदती जाहीर होत राहिल्या, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, प्रत्येक गणपतीच्या आधी खड्डे बुजवण्याचं आश्वासन मिळत गेलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहनं अंधारात नदीत गेली. एक राजापूरहून येत होती, एक जयगडहून. आम्ही गावांची नावं मुद्दाम घेतो. राजापूर म्हणजे ज्या मतदारसंघाने रेल्वे आणली तेच. रेल्वे येऊन अठरा वर्षं झाली होती, तरी तिथला माणूस रात्रीच्या एसटीतच होता, कारण त्याच्या गावाहून सुटणारी गाडी तीच होती.

पुढे काय झालं ऐका. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. दहा महिन्यांत! म्हणजे मनात आणलं तर होतं. शेजारीच पनवेल-इंदापूर सहा वर्षं पडून आणि हा पूल दहा महिन्यांत. पैसा, तंत्र, पाऊस, जमीन, सगळ्या सबबी दोन्हीकडे सारख्याच होत्या. फरक एवढाच, पुलाकडे सगळा देश बघत होता.

आता एक आकडा सांगतो आणि तो तुम्ही घरी घेऊन जावा अशी विनंती आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे १६ लाख ९७ हजार. २०११ मध्ये ती झाली १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. आणि हे दशक कोणतं? रेल्वे पूर्ण झाल्यानंतरचं पहिलं पूर्ण दशक. रेल्वेमुळे लोक गेले असं म्हणणं चुकीचं ठरेल, शिक्षण, शेती, नोकऱ्या अशी अनेक कारणं आहेत. पण गाडी आली की कारखाने येतील, कारखाने आले की मुलं गावात राहतील, हे जे सांगितलं गेलं होतं ते घडलं नाही, एवढं निश्चित म्हणता येतं. दार उघडलं, पण ते बाहेर जायला जास्त सोयीचं ठरलं.

मग आज प्राधान्य कशाला? यादी मोठी आहे. रेल्वेचं दुपदरीकरण रोहा-वीर २०२१ मध्ये झालं, पुढे रखडलं. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. कोल्हापूर-वैभववाडी आणि कऱ्हाड-चिपळूण हे घाट ओलांडणारे रेल्वेमार्ग जाहीर होऊन वर्षं लोटली. दुसरीकडे सागरी महामार्ग, कोकण द्रुतगती मार्ग, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग यांच्या घोषणा आहेत. रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ पासून संपला. कोकण रेल्वेचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. म्हणजे नव्वदमध्ये उघडलेली तिसरी तिजोरी आता बंद होण्याच्या वाटेवर आहे. निधी वाढेल असं एक बाजू म्हणते, ते शक्य आहे. पण देशभरच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागेल, ही दुसरी शंकाही इतिहास पाहिलेल्या माणसाला येणारच.

आमचं मत विचारलंत तर ते असं आहे. नवी उभी रेषा आखण्याआधी आहेत त्या दोन रेषा पूर्ण करा, आणि त्यांना आडव्या वाटा जोडा. मूळ महामार्ग अपुरा असताना त्याच्या शेजारी तिसरा द्रुतगती मार्ग मागणं म्हणजे एका घराचं छप्पर गळत असताना दुसऱ्याचा पाया खणणं. रेल्वेचं दुपदरीकरण झालं तर पॅसेंजर बाजूला उभी करावी लागणार नाही, आणि मग 'स्थानिकांसाठी गाडी की दिल्लीसाठी' हा वाद आपोआप सौम्य होईल. प्रत्येक स्टेशनावर गाडीच्या वेळेला एसटी उभी असेल तर देवगडला आणि दापोलीला रेल्वे पोचल्यासारखीच आहे. त्याला बोगदा लागत नाही, दोन वेळापत्रकं एका टेबलावर ठेवावी लागतात. १९३३ मध्ये सिमल्याला ज्याला समन्वय म्हटलं तो एवढा साधा होता.

आणि मोजपट्टी बदला. पलीकडे जाणाऱ्याचे किती तास वाचले, हा आकडा जरूर काढा. पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना ठेवा : मंडणगडच्या वाडीतल्या बाईला जिल्हा रुग्णालयात पोचायला किती तास लागतात, आणि पावसाळ्यात किती? नागपूरच्या अभियंत्यांनी पारतंत्र्यात, ऐन महायुद्धात, पाच मैलांचा नियम लिहिला होता. त्यांना गाव दिसत होतं. आपल्या प्रकल्प अहवालांतही गाव दिसलं पाहिजे, एवढीच मागणी आहे.

तुमच्या तालुक्यात पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा हे दोन रकाने मागून घ्या. रस्ता हवा की रेल्वे, असं कोणी विचारलं तर आधी विचारा, कोणासाठी? प्रश्नोत्तरांसाठी आपल्याकडे वेळ आहे.